आत्ताच्या मापाचं

मास्तरीणबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाला "आजचं ताजं आहे" म्हणाला की त्या आधी वास घेत. डॉक्टर "काळजीचं कारण नाही" म्हणाले की त्यांना काळजी लागे. मापाला उभं राहिलेलं गिऱ्हाईक पोट आत ओढू लागलं, तर त्या टेप हातात धरून नुसत्या उभ्या राहत. "सोडा श्वास. मला काही घाई नाही." मग श्वास सुटे, पोट जागेवर येई आणि खरं माप वहीत जाई.

एकतीस वर्षं त्या बायकांचे आणि मुलांचे कपडे शिवत होत्या. रस्त्याला लागून असलेली घराची पुढची खोली हेच दुकान. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा आणि तिच्या आत उभा आरसा. गल्ली त्यांना तोंडावर मास्तरीणबाई म्हणे आणि पाठीमागे शंकासूर. दुसरं नाव कुठून निघालं हेही त्यांना ठाऊक होतं. ते त्यांच्याच दुकानात, खिडकीजवळच्या स्टुलावर तयार झालं होतं. तिथं बसून वीस वर्षं काजं करणारी, बटणं लावणारी बाई जिभेनंही टोचायला कमी करत नसे.

"बाई, तुम्ही देवळात गेलात तर देवाचंही ओळखपत्र मागाल," काजवाली म्हणे.

"त्यानं आपण होऊन दाखवलं तर मागावं लागणार नाही," मास्तरीणबाई म्हणत. त्यावर दोघी हसत आणि पुन्हा कामाला लागत.

पण त्या जन्माच्या अशा नव्हत्या. सात वर्षांपूर्वीपर्यंत त्या चारचौघींसारख्याच भोळ्या होत्या.

तेव्हा कोपऱ्यावरच्या घरात एक कुटुंब राहत असे. बाप शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, आई घरी, दोन मुली. मुलींना मापाला बापच घेऊन येई. मापाला अडथळा नको म्हणून त्यांच्या वेण्या स्वतः वर बांधून देई. त्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. मास्तरीणबाई त्याचं उदाहरण थेट आपल्या जावयाला देत. "बाप असावा तर असा. नाहीतर तुम्ही! मुलगी कितवीत आहे हे तरी सांगता येईल का?"

एका गुरुवारी साडेचारला त्या मुलींची आई फ्रॉक न्यायला आली. फ्रॉक पिशवीत घातला तरी उठेना. मग म्हणाली, "घरी जायला नको वाटतं हो मावशी."

मास्तरीणबाई कॉलर उलटवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कुणाला वाटतं गं! संध्याकाळचा स्वयंपाक कुणाला चुकलाय?"

त्या हसल्या, काजवाली हसली. ती बाईही हसली आणि उठून गेली.

सहाव्या दिवशी गल्लीत पोलिसांची गाडी उभी राहिली. आई आणि दोन्ही मुली गेल्या होत्या. बापानं आधी त्यांना मारलं होतं आणि मग स्वतःला. दुपारी एक हवालदार कागदात गुंडाळून फ्रॉकची एक बाही घेऊन आला. हा कपडा तुमच्याकडचा का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मास्तरीणबाईंनी बाही उलटी करून पाहिली. टाका त्यांचाच होता. "इतका साधा माणूस," गल्ली म्हणाली. "मुंगीलाही दुखवणार नाही असा."  रोज स्वयंपाकाची वेळ झाली की मास्तरीणबाईंना आपलं ते वाक्य ऐकू येई आणि पाठोपाठ ते तिघींचं हसणं.

तेव्हापासून त्या बघू लागल्या. मापं घेताना मुलांचे दंड बघत, मानेमागे बघत. टेप गळ्याजवळ नेला की कोण दचकतं ते बघत. आणि जिथं तिथं संशय घेतल्यावर माणूस कधी ना कधी तोंडावर पडतोच, तशा त्या पडल्या. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचा मुलगा गणवेशाच्या मापाला आला. त्याच्या पाठीवर, मांड्यांवर काळेनिळे डाग होते. मास्तरीणबाई तडक ठाण्यात गेल्या. तिथल्या पोलीस बाईंनी सगळं लिहून घेतलं, ड्रायव्हरला बोलावून घेतलं. चार दिवसांनी तो दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

"पोराला रक्ताचा आजार आहे, मास्तरीणबाई. नुसता हात लागला तरी काळंनिळं होतं. त्याला उचलून घ्यायलासुद्धा मी घाबरतो. आणि तुम्ही..."  तो गेला तो पुन्हा आला नाही. त्याच्या बसमधून शाळेत जाणारी निम्मी गिऱ्हाइकंही आली नाहीत. काजवालीनं शंकासूर हे नाव पाडलं ते त्याच आठवड्यात. ते फार लागलं, म्हणून मास्तरीणबाईंनी ते हसून घेतलं.

यंदा शाळांना सुटी लागायच्या आधी, एका मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी, एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन दुकानात आले. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचाचा. गृहस्थांच्या शर्टाला कडक इस्त्री होती. पायपुसण्यावर बूट पुसून ते आत आले आणि मुलांनाही पुसायला लावले. त्यांनी आकाशी रंगाचं कापड टेबलावर ठेवलं. चौघांचे कपडे एकाच कापडाचे हवे होते. दोन शर्ट, एक फ्रॉक आणि बायकोचा ड्रेस.

"घरचा फोटो काढायचाय," ते म्हणाले. "रविवारी अकराची वेळ ठरवली आहे. शनिवारी कपडे मिळतील ना?"

"माझा वायदा चुकत नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. ते खरंही होतं. शिंप्याच्या वायद्यावर सगळं जग हसतं, म्हणून त्यांनी तो हट्टानं पाळला होता.

त्यांनी मुलीचं माप घेतलं, मुलाचं घेतलं आणि सवयीनं म्हणाल्या, "वाढत्या अंगाचं ठेवते हं. आत दोन इंच दुमड सोडते. सहा महिन्यांनी उसवलं की पुन्हा नवं."

"नको," गृहस्थ म्हणाले. "आत्ताच्या मापाचं शिवा. नेमकं."

"अहो, मुलं वाढतात! सुटी संपेपर्यंत बाह्या आखूड होतील."

"ते बघायचं कारण नाही." अगदी सौम्यपणे म्हणाले. "दुमड जाड दिसते. नेमकं शिवा."

मुलीनं बापाकडे पाहिलं नाही. टेपच्या टोकाला लावलेल्या पितळी पट्टीकडे ती बघत राहिली.

बायकोचं माप म्हणून त्यांनी तिचा एक जुना ड्रेस दिला. बायको का आली नाही, तर बरं नाही. काय होतंय, तर काही विशेष नाही. मग मुलांचे हात धरून, दाराशी पुन्हा बूट पुसून, ते निघून गेले.

"जाताना बूट कशाला पुसले गं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आपल्या दुकानाची धूळ नको असेल घरी न्यायला," काजवाली म्हणाली. "सुरू झालं का तुमचं? फोटोत दुमड जाड दिसते, खरंच आहे की. नेमकेराव आहे, झालं."

"एकतीस वर्षांत किती पोरांचे कपडे शिवले आपण?"

"मी काजं मोजते, पोरं नाही."

"एका तरी आईबापानं म्हटलंय का, वाढत्या अंगाचं नको म्हणून? श्रीमंतांनी, भिकाऱ्यांनी, कुणी?"

काजवालीनं सुई दातात धरली. तिला काही आठवलं नाही. "तरी पण बाई," ती म्हणाली, "ड्रायव्हर आठवा."

ड्रायव्हर मास्तरीणबाईंना आठवतच होता. म्हणून त्या ठाण्यात गेल्या नाहीत. पुरावा म्हणून काय सांगणार होत्या? माणूस बूट पुसतो आणि मुलाचा शर्ट मापात मागतो? त्यांनी कापड कापलं. कापताना दोन इंच जास्तच ठेवले. ते रागावले तर रागावोत. पण कच्चा टाका घालून झाल्यावर त्या थांबल्या. कपडे झाले की फोटो. फोटो झाला की काय, ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्यांना माहीत करूनही घ्यायचं नव्हतं.

शनिवारी सहा वाजता नेमकेराव आले. मास्तरीणबाईंनी आयुष्यातली पहिली थाप मारली.

"ड्रेसचं जमत नाहीये. जुन्यात आणि आताच्या अंगात फरक पडलेला असतो. त्यांनी स्वतः येऊन घालून बघितल्याशिवाय मी पुढं शिवणार नाही. बिघडला तर नाव माझं जाईल."

नेमकेरावांनी घड्याळ पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. ठरलेल्या गाडीची वेळ बदलल्यावर माणूस मनात नवं वेळापत्रक मांडतो, तसे ते क्षणभर उभे राहिले. "सोमवारी आणतो," म्हणाले. "फोटो पुढं ढकलावा लागेल."

सोमवारी चारला ते बायकोला घेऊन आले. मुलंही बरोबर होती. बाई तिशीच्या आतबाहेरची, सडसडीत. आजारी मुळीच दिसत नव्हती. ती पडद्याआड गेली आणि तिच्या मागोमाग टाचण्यांची डबी घेऊन मास्तरीणबाई. नेमकेराव पडद्यापासून चार पावलांवर, मुलांना दोन्ही बाजूंना घेऊन उभे राहिले.

"अगं, ती पडद्याची शिलाई मारून टाक आता," मास्तरीणबाई आतून ओरडल्या. शिवायला पडदाबिडदा काही नव्हता. पण काजवाली वीस वर्षं त्यांच्याजवळ बसलेली होती. ती उठली, एक चिंधी मशिनखाली सरकवली आणि पायडल असं काही मारू लागली की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

मास्तरीणबाई कमरेशी टाचणी लावायला वाकल्या. "बाळ," त्या हळूच म्हणाल्या, "घरी जायला नको वाटतं का?"

बाई आरशात बघत होती.  मग ओठ न हलवता म्हणाली, "मावशी, तुम्ही उशीर मुद्दाम करताय?"

"हो."

"गुरुवारपर्यंत कराल?"

मास्तरीणबाईंच्या हातातली टाचणी त्यांच्याच बोटात शिरली.

"गुरुवारी सकाळी माझा भाऊ बोटीवरून उतरतो. तो सरळ घरी येईल. तोवर मला मुलांना घेऊन निघता येत नाही. शाळेत हेच सोडतात, हेच आणतात. फोन यांच्या खिशात, किल्ल्या यांच्या खिशात."

"काय म्हणतात ते?"

"काहीच नाही. तेच तर. मुलीची सायकल देऊन टाकली. मांजर कुठंतरी सोडून आले. विचारलं तर म्हणाले, आता कशाला लागणार?" ती थांबली. बाहेर मशिन धडधडत होतं. "माझाच भ्रम असेल. सासूबाई म्हणतात, माझं डोकं फिरलंय. पण हा माणूस काम अर्धवट टाकत नाही, मावशी. एक झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालत नाही. फोटो झाल्याशिवाय..."

"ठाण्यात जाऊ का?"

"नको. ते येतील, चहा पितील, जातील. मग मी आणि मुलं यांच्याबरोबर घरात."

"झालं का?" पडद्याबाहेरून सौम्य आवाज आला.

"झालंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "खांदा उसवावा लागणार. उद्या बघू."

ते गेल्यावर काजवालीनं पायडल थांबवलं. तिची पोटरी थरथरत होती. मास्तरीणबाईंनी तिला सगळं सांगितलं. तिनं थट्टा केली नाही. पाणी पिऊन म्हणाली, "गुरुवारपर्यंत म्हणजे मंगळवार आणि बुधवार. मंगळवार माझ्यावर सोपवा. खोटं बोलण्यात तुम्ही अगदीच कच्च्या आहात, तुमचे कान लाल होतात."

मंगळवारी संध्याकाळी नेमकेराव आले तेव्हा काजवाली तोंड पाडून बसली होती. आकाशी दोरा संपला होता. बाजारात होता, पण एक छटा गडद. फोटोत दिसला असता. "तुम्ही कसे नेमके आहात, साहेब, तुम्हाला असलं चालणार नाही म्हणून आम्ही हातच लावला नाही. शिवाय माझी आजी वारली." तिच्या आजीला वारून पंचवीस वर्षं झाली होती.

नेमकेरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरीणबाईंच्या कानांकडे. आणि निघून गेले.

बुधवारी ते पाचलाच आले. एकटे. पिशवीतून आकाशी दोऱ्याचं रीळ काढून टेबलावर ठेवली. छटा तंतोतंत होती. मग त्यांनी स्टूल ओढलं.

"मी इथंच बसतो," म्हणाले. "शिवा."

आता काय करणार? मास्तरीणबाई मशिनवर बसल्या. ड्रेसचा खांदा शिवला. फ्रॉकची बाही लावली. सावकाश शिवावं म्हटलं तर ते हातांकडे बघत होते, आणि एकतीस वर्षांच्या हातांना सावकाश येत नव्हतं. काजवाली बटण लावे, तोडे, पुन्हा लावे. पावणेसहाला धाकट्याचा शर्ट तेवढा राहिला. नेमकेराव उठून टेबलाशी आले. शर्टाची खालची कड त्यांनी दोन बोटांत धरून उलटली.

"ही दुमड मी नको म्हटलं होतं."

"काढते," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मोठी कात्री घेतली, शर्ट टेबलावर पसरला, आणि कडेऐवजी पाठीतून, खालून थेट कॉलरपर्यंत, एका दमात कात्री चालवली.

काजवालीच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मास्तरीणबाईंच्या हातून आजवर कापड बिघडलं नव्हतं. दोन तुकडे टेबलावर पडले होते आणि त्या कात्री हातात धरून उभ्या होत्या. चुकून झालं असं म्हणायचं होतं, पण कान आधीच लाल झाले होते.

नेमकेरावांनी तुकड्यांकडे पाहिलं. मग मास्तरीणबाईंकडे. त्यांना कळलं होतं.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात फार डोकावू नये." आणि बूट न पुसता ते भराभरा निघून गेले.

"घरी गेला गं तो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "भाऊ उद्या सकाळी येणार आणि हा आत्ता घरी गेला." पुढं काही सुचेपर्यंत त्यांनी ठाण्याचा नंबर फिरवलाही होता.

फोनवर ठाण्यातल्या त्याच बाई होत्या. आवाज ओळखून त्यांनी उसासा टाकला. "पुन्हा तुम्ही?"

"हो. पुन्हा मीच."

"मागच्या वेळी त्या ड्रायव्हरची मला माफी मागावी लागली होती. या वेळी काय पाहिलंत?"

"पाहिलं काहीच नाही. डाग नाहीत, वळ नाहीत. बायको म्हणते भीती वाटते, पण सांगू नका म्हणते. माझ्याकडे काही पुरावा नाही."

"मग मी काय लिहू?"

"माहीत नाही. मुलांचे कपडे शिवायला टाकले त्यानं. वाढत्या अंगाचे नकोत म्हणाला. मी दोनदा विचारलं. मुलं वाढतील ते बघायचं कारण नाही, असं म्हणाला."

  तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मुलं केवढी आहेत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"नऊ आणि पाच."

"माझी आठ आणि सहा," बाई म्हणाल्या. "पत्ता सांगा."

पोलीस पोहोचले तेव्हा साडेसहा व्हायचे होते. पुढचं मास्तरीणबाईंना त्या बाईंनीच नंतर सांगितलं. दार नेमकेरावांनी स्वतः उघडलं. घर लखलखीत. मुलांना अंघोळ घातलेली, केस ओले, भांग पाडलेले, अंगात जुनेच पण ठेवणीतले कपडे. आठवड्याच्या मधल्या वारी, संध्याकाळी. फोटो काढायला निघालो होतो, ते म्हणाले. फोटोवाल्याचं दुकान तर सहाला बंद होतं. मग बाई बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दहा मिनिटांनी तिला नि दोन्ही मुलांना घेऊन बाहेर पडल्या. घरात आक्षेप घ्यावा असं काही सापडलं नाही. गुरुवारी सकाळी भाऊ बोटीवरून उतरला आणि ठाण्यातूनच तिघांना घेऊन गेला.

"म्हणजे तो खरंच मारणार होता?" काजवालीनं विचारलं.

"कुणाला माहीत," ठाण्यातल्या बाई म्हणाल्या. "झालं नाही ते मी कशात लिहू?"

गल्लीनं मात्र निकाल देऊन टाकला. शंकासुरानं एक चांगलं घर मोडलं. माणूस बायकोला हात लावत नव्हता, दारू पीत नव्हता, मुलांना स्वतः शाळेत सोडत होता. नेमकेरावांच्या आई दुकानासमोर उभ्या राहून दुपारभर रडल्या. मास्तरीणबाई आत मशिनवर बसून ऐकत होत्या. त्यांना राग आला नाही. त्या म्हातारीचं म्हणणं कदाचित खरं असेल, असं त्यांना वाटलं. पुन्हा ते खोटं असेल, असंही वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर हे दोन्ही आळीपाळीनं वाटे.

तीन आठवड्यांनी नेमकेराव आले. इस्त्री तशीच होती, पण शर्ट अंगावर सैल झाला होता. इंचभर तरी उतरले होते. ते टेबलाशी उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तरीणबाईंनी मशिन थांबवलं. काजवालीनंही सुई खाली ठेवली.

"तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला वाटलं ते तुम्ही केलंत. पण माझी मुलं मला दिसत नाहीत. मी घरात एकटा जेवतो." त्यांनी रुमालानं डोळे टिपले, रुमालाच्या चार घड्या केल्या. "निदान ते कपडे तरी त्यांना पोचवतो. फ्रॉक तयार आहे ना? पार्सल करतो. ते कुठं उतरलेत, तेवढं सांगा. मी जाणार नाही. नुसतं पार्सल."

 खरोखर रडणारा बाप होता तो. मास्तरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि पोट आत ओढलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत तशा त्या बघत राहिल्या. पण याचा श्वास सुटला नाही.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"तिनं तुम्हाला सांगितलं असेलच."

"ठाण्यातल्या बाई सांगत होत्या. मी म्हटलं, मला सांगू नका. माझे कान लाल होतात."

नेमकेरावांनी त्यांच्या कानांकडे नीट निरखून पाहिलं. मग मान हलवली, रुमाल खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरले. मास्तरीणबाई दारात आल्या. तो डावीकडे घरी वळतो, की उजवीकडे, भावाची बोट लागली होती त्या बंदराच्या रस्त्याला लागतो, हे बघत त्या तो दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहिल्या.